काचेखालचे उत्तर

गणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने सर्वांत आधी मळतात, हे शिक्षकमंडळींना सांगावयास नको. उत्तरे तेथे असतात ना! हल्ली ती पाने मोबाइलमध्ये गेली आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले, तेव्हापासून नुसते उत्तर नव्हे, रीत आणि निबंधही आयता मिळू लागला. पण यंत्राने शिकवावे ही कल्पना काही नवी नव्हे. तिला शंभर वर्षे झाली.

अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे प्राध्यापक होते. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी टाइपरायटरएवढे एक यंत्र केले. खिडकीत प्रश्न दिसे, खाली चार कळा असत. बरोबर कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येऊ नये, अशी त्यात सोय होती. ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोड गोळी बाहेर पडावी, अशीही एक जोडणी त्यांनी केली होती. (खाऊचे आमिष दाखवायला आपल्याकडे यंत्र लागत नाही, ही गोष्ट निराळी.) यंत्र मात्र फारसे चालले नाही.

पुढे १९५३ च्या नोव्हेंबरात हार्वर्डचे प्रा. बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहावयास बसले. काही मुलांची गणिते केव्हाच झाली होती, ती चुळबुळत होती. काही अडून बसली होती. आणि आपले चुकले की बरोबर आले, हे कळायला सगळ्यांनाच थांबणे भाग होते. तुमच्याआमच्या वर्गातलेच चित्र! स्किनर घरी आले आणि यंत्र करू लागले. १९५४ साली त्यांनी ते पिट्सबर्ग येथे दाखविले.

त्यांच्या नंतरच्या यंत्रातली एक युक्ती नीट ऐका. मुलाने कागदाच्या पट्टीवर आपले उत्तर हाताने लिहावयाचे आणि मग दांडा सरकवावयाचा. तसे करताच लिहिलेले उत्तर पारदर्शक काचेखाली जाई आणि खरे उत्तर उघडे होई. आपले लिहिलेले वाचता येई, पण बदलता येत नसे. या साऱ्या इतिहासात मला ती काचच मोलाची वाटते. बाकी यंत्रात दोष होते. काय शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे, हे सारे आधीच ठरलेले. मुलाने नुसते पुढे सरकावयाचे.

१९८० नंतर बॅरी झिमरमन आदी संशोधकांनी दुसऱ्या बाजूकडे लक्ष दिले. विद्यार्थी स्वतः आधी काय ठरवतो, करताना स्वतःवर कशी नजर ठेवतो, झाल्यावर आपली चूक कशी पारखतो? यालाच स्वनियंत्रित अध्ययन म्हणतात, म्हणजे अभ्यासाचा लगाम आपल्या हाती. आजच्या यंत्राने लगाम तर मुलाच्या हाती दिला, पण काच काढून घेतली.

२०२३ मध्ये तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतील सुमारे १,००० मुलांवर एक प्रयोग झाला. ज्यांना असे यंत्र सरळ हाती दिले, त्यांची सरावातली गणिते ४८ टक्क्यांनी सुधारली. मग यंत्र काढून परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले यंत्राशिवाय शिकलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण मागे पडलो, हे त्यांच्या ध्यानीही आले नाही! ज्यांना यंत्र उत्तर न देता केवळ सूचना देई, त्यांचे हे नुकसान बहुतेक टळले.

माझ्या वर्गात मी आता ती काच शाईची केली आहे. प्रश्नाचे उत्तर आधी शाईने चार ओळींत लिहावे, मग मोबाइलला विचारावे, आणि दोहोंतला फरक समासात नोंदवावा. खोडाखोड नाही. परवा प्रश्न होता, १८१८ साली पेशवाई का बुडाली? एका मुलाने समासात लिहिले होते, ‘मी इंग्रजांचे कवायती सैन्य लिहिले, यंत्राने सरदारांतली फूट लिहिली. पगाराला पैसा होता का, हे दोघांनीही लिहिले नाही.’ पुढचा सबंध तास आम्ही पेशव्यांच्या कर्जावर घालविला.