साष्टीच्या गावठाणांतील चर्च आणि क्रूस : अंधेरी–बोरिवली परिसराच्या ग्रामेतिहासाचे एक साधन

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास बहुधा आगगाडीपासून सुरू केला जातो. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे स्थानकांना मिळण्यापूर्वी गावांची होती, आणि ती गावे साष्टी बेटाच्या शेतकरी, आगरी व कोळी वस्तीचा भाग होती. ‘साष्टी’ हे नाव सहासष्ट गावांच्या गणनेवरून आले. गोव्यातील सासष्टीशी त्याची गल्लत होऊ नये. ह्या गावांपैकी अनेकांत ख्रिस्ती वस्ती गेली साडेचारशे वर्षे आहे. तिच्या चर्चवास्तूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गावागावांतील दगडी क्रुसांकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक ह्या समाजाचे सातत्य समजून घ्यावयाचे असेल, तर चर्चइतकेच महत्त्व क्रुसाला दिले पाहिजे.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहान्वये वसई, साष्टी आणि मुंबई बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढील दशकात आंतोनियु दो पोर्तु ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाचे कार्य ह्या प्रदेशात सुरू झाले. फ्रान्सिस्कनांमागून जेझुइट आले. वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च आणि एरंगळचे सेंट बोनाव्हेंचर चर्च ही दोन्ही १५७५ ची मानली जातात, तर कोंडिविटे येथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चे. आंबोलीचे सेंट ब्लेझ चर्च त्याच परंपरेतील होय. पूर्वेकडे कुर्ल्याच्या होली क्रॉस चर्चची मूळ स्थापना पोर्तुगीज अमदानीतील असून त्याची पुनर्बांधणी १८४८ मध्ये झाली.

ह्या उभारणीला दुसरी बाजूही आहे व ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. बोरिवलीजवळील मंडपेश्वर हे सुमारे आठव्या शतकातील शैव लेणे. तेथील मंडपाच्या दर्शनी भागास भिंती घालून त्याचे चर्च करण्यात आले आणि वरच्या टेकाडावर मठ व विद्यालय उभे राहिले. लेण्यातील एका शिल्पपटावर कोरलेला भव्य क्रूस आजही दिसतो. मूळ शिल्प नष्ट करूनच तो कोरला गेला आहे. टेकाडावरील इमारतीचे आज भग्नावशेष उरले आहेत, लेणे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ हे जुने नाव शेजारच्या चर्चमध्ये व आय. सी. कॉलनी ह्या वसाहतीच्या संक्षिप्त नावात टिकून आहे. एका जागेवर तीन काळांचे थर कसे बसतात, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण उपनगरांत सापडणे कठीण.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीचा बहुतेक भाग घेतला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय धर्मोपदेशक निघून गेले. अनेक मठ व चर्च ओस पडली. तथापि ख्रिस्ती गावे नाहीशी झाली नाहीत. देशी पाद्री, विशेषतः गोव्याकडील, पॅरिश सांभाळू लागले. १७६० च्या अखेरीस आंकतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ठाण्याचे ख्रिस्ती लोक किती मोकळेपणाने सण साजरा करतात, ह्याची त्याने आश्चर्याने नोंद केली आहे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा कायम झाला. अर्धशतकाच्या आत तीन राजवटी बदलल्या, परंतु उपासक तेच राहिले.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. सायप्रस बेटावरील ऑर्थोडॉक्स खेड्यांत गावाच्या मध्यभागी मुख्य चर्च असते आणि शेतांत, टेकडीवर, वाटेच्या वळणावर निरनिराळ्या संतांची लहान प्रार्थनागृहे विखुरलेली असतात. एरवी ती बंद असली, तरी संताच्या सणादिवशी सारा गाव तेथे लोटतो. १५७१ मध्ये ते बेट ऑटोमन सत्तेखाली गेले, तरी ग्रामीण उपासनेची ही वीण तुटली नाही. साष्टीत लहान प्रार्थनागृहाचे हे कार्य प्रामुख्याने क्रुसाने केले. पाखाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ किंवा आवारात उभा असलेला क्रूस हे त्या पाखाडीचे प्रार्थनास्थळ होते. संध्याकाळी शेजारी जमत, मेणबत्त्या लावीत, लदीन म्हणत. त्यासाठी पाद्र्याची उपस्थिती अनिवार्य नव्हती. चर्चची व्यवस्था कोसळली असतानाही ग्रामसमाज का टिकला, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग ह्या गोष्टीत आहे.

ह्या प्रार्थनाजीवनाला मराठीचा आधार होता. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, हे सर्वज्ञात आहे. परंतु उत्तर कोकणाच्या दृष्टीने फ्रान्सिस्कु वाश द गिमाराइश ह्या फ्रान्सिस्कनाचे, १६५९ मध्ये लिस्बन येथे छापलेले, ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण अधिक जवळचे आहे, कारण त्याची भाषा ह्याच किनाऱ्यावरील बोलीच्या अंगाने जाते. लॅटिन ही वेदीची भाषा होती आणि मराठी ही अंगणाची. अंगणातील भाषा घरच्याच माणसांच्या मुखी असल्याने तिला राजवटीची गरज पडली नाही.

कोंडिविट्याचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. १८४० मध्ये साथीने ते गाव ओस पडले. लोक मरोळला जाऊन वसले आणि चर्चमधील उपासनेच्या वस्तू नव्या चर्चमध्ये नेण्यात आल्या. मूळ वास्तू छप्पर गमावून रानात उभी राहिली. १९७३ मध्ये तिच्या सभोवती सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, अस्तित्वात आले आणि ती कुंपणाआड गेली. असे असूनही वर्षातून एकदा, मे महिन्यात, गावकऱ्यांचे वंशज तेथे मिस्सासाठी जमत आले आहेत. वास्तू भग्न झाली, परंतु पॅरिशची स्मृती भंगली नाही.

सणांचे दिवसही अभ्यासकाला काही सांगतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण २४ जूनला, तर संत बोनाव्हेंचरचा जुलैच्या मध्यास येतो. साष्टीत हे दिवस भर पावसाचे व भाताच्या लावणीचे. एरंगळचा सण जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरतो, आणि कोंडिविट्याचा मेळावा मे महिन्यात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा आगेरा होतो. रोमचे पंचांग आणि शेतकऱ्याचे पंचांग ह्यांत गावाने आपल्या सोयीने मेळ घातला, असे ह्यावरून अनुमान निघते.

चर्चच्या नावांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. मुलुंडचे चर्च संत दहाव्या पायसच्या नावाचे आहे. त्यांना संतपद १९५४ मध्ये मिळाले, म्हणून हे समर्पण त्यापूर्वीचे असू शकत नाही. मालाड–ऑर्लेमचे चर्च लूर्दच्या मातेचे आहे. लूर्दची घटना १८५८ ची असून हे चर्च १९१६ चे आहे. उलट योहान, बोनाव्हेंचर, ब्लेझ ही नावे पोर्तुगीज थराकडे बोट दाखवितात. मात्र हे साधन सावधपणे वापरले पाहिजे, कारण जुन्या पॅरिशला नवे नाव मिळणे अशक्य नसते.

एकोणिसाव्या शतकात धर्माधिकाराचा वाद साष्टीच्या दारी आला. पोर्तुगालचा पाद्रुआदो आणि रोमची प्रोपागांडा ह्यांच्या परस्परविरोधी अधिकारांमुळे एकाच परिसरातील कॅथलिक दोन धर्माध्यक्षांकडे विभागले गेले. १८८६ च्या कराराने ही दुहेरी व्यवस्था औपचारिक झाली आणि १९२८ मध्ये ती संपली. दरम्यान, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ह्या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविणे हा त्यामागील एक हेतू होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. शहरातून लोक उपनगरांकडे पळाले आणि साथही त्यांच्यामागून आली. ह्या काळात नवसाने किंवा कृतज्ञतेने अनेक क्रूस उभारले गेले. म्हणून गावठाणांतील सर्वच क्रूस प्लेगचे, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. खिळे, हातोडी, शिडी, कोंबडा अशी दुःखभोगाची चिन्हे कोरलेले काळ्या दगडाचे मोठे क्रूस चर्चच्या आवारांशी निगडित आणि अधिक जुने आहेत. प्लेगच्या काळातील क्रूस सामान्यतः लहान, चौथऱ्यावर बसविलेले आणि कित्येकदा वर्षाचा उल्लेख असलेले आढळतात. पहिल्या प्रकारामागे धर्मसंस्था आहे, तर दुसऱ्यामागे एखादे कुटुंब किंवा पाखाडी.

हा भेद केवळ विद्वत्तेचा विषय नाही. १९५० व १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढल्यावर गावठाणांभोवती शहर दाटले, रस्ते रुंद झाले, आणि पूर्वी अंगणात असलेला क्रूस रस्त्याच्या कडेला आला. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आदेश दिल्यानंतर एखाद्या क्रुसाचे वय सिद्ध करण्याचा प्रश्न व्यवहारात महत्त्वाचा ठरला. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने क्रूस उभारला, त्याच्याजवळ कागद असण्याचा संभव थोडा. चौथऱ्यावर कोरलेले वर्ष हाच बहुधा उपलब्ध पुरावा. तोच पुरावा भक्तीपोटी चढविलेल्या रंगाखाली आणि चकचकीत फरश्यांखाली दडत चालला आहे.

चर्चजवळ बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदवह्या असतात. क्रुसाजवळ दगडावरील चार ओळींखेरीज काहीही नसते. म्हणून अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत प्रत्येक गावठाणातील क्रुसांचे स्थान, माप, दगड, लेख आणि सणाचा दिवस ह्यांची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यास केवळ मोजपट्टी, वही आणि वृद्ध गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलण्याची तयारी हवी. ते झाल्यास उपनगरांच्या इतिहासात स्थानकांपूर्वीच्या गावांना त्यांचे स्थान मिळेल, आणि ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड उभे केले, त्यांच्या हाती आपल्या वस्तीच्या वयाचा एक लेखी पुरावाही येईल.