खंडाळ्याचा मोडलेला मुक्काम

देवळालगत उतारूंची सोय असावी, ही आपल्याकडची जुनी चाल. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने आपल्या मावळातील अशाच एका मोडलेल्या मुक्कामाची हकीगत ग्रामस्थ व देणगीदार बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

मुंबईचा उतारू पूर्वी मचव्याने पनवेलीस येई व तेथून खोपोलीस. तेथे नाना फडणीसांनी बांधविलेले तळे व महादेवाचे देऊळ आहे. घाटाच्या पायथ्याशी पाणी व सावली मिळाली, की निम्मा शीण उतरे. पुढे बोरघाट चढून खंडाळा. सन 1830 मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता झाला. खंडाळ्यास साहेब लोकांसाठी मुसाफरी बंगला असे. आपला माणूस धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकी. शिधा ज्याचा त्याचा, तीन दगडांची चूल, आणि बैलांना वैरण मिळाली म्हणजे झाले!

या मुक्कामाची खरी चलती आगगाडीनेच केली व तिनेच ती मोडली. सन 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले. सन 1858 मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. त्यामुळे पाच वर्षे प्रत्येक उतारूस गाडी सोडून पालखी, तट्टू अथवा बैलगाडीने घाट ओलांडावा लागे. भोई, तट्टूवाले, गाडीवान या सर्वांची चूल त्यावर पेटे. त्याच घाटात रुळांच्या कामावर सन 1861 मध्ये सुमारे 42 हजार मजूर राबत होते. ते 25 बोगदे खोदीत होते, म्हणजे एका परीने या मुक्कामाचाच पाया खणीत होते.

मे 1863 मध्ये घाटातून गाडी सुरू झाली आणि उतरण्याचे कारणच संपले. भोयांच्या खांद्यावरचे ओझे गेले हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर मजुरीही गेली. तिची भरपाई कोणत्या दप्तरी मांडणार? रेल्वेची वसाहत लोणावळ्यास झाली व बाजारही तिकडेच वाढला. घाटात गाडीची दिशा उलटविण्यासाठी एक स्टेशन होते, तेथे गाडी थोडी थांबे. सन 1929 मध्ये नवा मार्ग झाल्यावर तेही बंद पडले.

सन 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला, तेव्हा जुन्या रस्त्यावरील खाणावळवाल्यांनाही हाच अनुभव आला. खोपोलीचे तळे व महादेवाचे देऊळ मात्र जागेवर आहे.