लगड मोडताना

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. निवृत्तीच्या पैशांतला थोडा भाग तिला चांदीत ठेवायचा होता. दोन किलो घ्यायची, दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही, एवढं तिचं ठरलेलं. अडलं होतं एकाच ठिकाणी.

"अगं, सराफ विचारतोय, किलोची एकेक वीट देऊ की शंभर ग्रॅमच्या वीस? वीस घेतल्या तर घडणावळ जास्त पडते म्हणाला. काय करू?"

मी पटकन म्हणाले, "मोठी घे. तेवढ्याच पैशांत चांदी जास्त येईल."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "तुझ्या आजीची लगड विसरलीस तू."

विसरले नव्हते. पण घरातली गोष्ट आणि बाजारातला हिशेब एकत्र धरून कधी पाहिला नव्हता. त्या फोननंतर पाहिला. वाचता वाचता लक्षात आलं की चांदीचा तुकडा केवढा असावा, या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षं सरकारं, सराफ आणि शेतकरी एकमेकांशी झगडलेत.

आधी आजीची लगड. आमचं गाव माण तालुक्यात. आजीकडे लग्नातले तोडे होते आणि गाडग्यात साठवलेले राणीछाप, राजाछाप रुपये होते. साठच्या दशकात गावात दोन चोऱ्या झाल्या. रुपये खुळखुळतात, चोराला कळतं, म्हणून आजोबांनी तोडे आणि रुपये तालुक्याला नेऊन वितळवले आणि सगळ्याची मिळून एक लगड करून आणली. शंभर तोळ्यांच्या आसपास भरली. ती चुलीमागच्या भिंतीत गेली. आजीने एक रुपया तेवढा मागे ठेवला, देव्हाऱ्यातला.

मग १९७२ आलं. पाऊस नाही, विहीर कोरडी, घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. बैलजोडी जगवायला कडबा हवा होता. त्याला लागणारे पैसे लगडीच्या किमतीचा लहानसा हिस्सा होते. आजोबा लगड घेऊन तालुक्याला गेले. सराफाने ती उलटीपालटी केली. शिक्का नाही, छाप नाही. "आत काय आहे कुणास ठाऊक," म्हणत छिन्नीने कोपरा उडवला, तापवून पाहिला. रुपयांतली चांदी मुळात बारा भागांत अकरा, तोड्यांतली त्याहून उणी. तुकडा तोडून घ्यायला तो तयार नव्हता. सगळी द्या नाहीतर घेऊन जा. त्या वर्षी तालुक्यातलं प्रत्येक घर मोडायलाच आलं होतं, त्यामुळे भाव त्याचा होता. आजोबा सगळी देऊन आले.

हातात एकदम पैसे आले आणि एकदम गेले. कडबा झाला, मग भावकीतल्या कुणाला दिले, जुनं देणं फिटलं. चार महिन्यांत काही उरलं नाही. शेजारच्या घरी रुपये सुटेच होते. त्यांनी दर बाजाराला एक-दोन मोडले आणि पाऊस पडला तेव्हा त्यांच्या गाडग्यात निम्मे शिल्लक होते. "सुटी असती तर पुरली असती," हे वाक्य आजी मरेपर्यंत म्हणायची.

आजीला ठाऊक नसेल, पण ज्या गोष्टीची तिला उणीव भासली ती गोष्ट म्हणजेच रुपया. रुपया म्हणजे दुसरं काय? चांदीची लहानशी लगडच. फक्त तिचं वजन आणि कस यांची हमी कुणीतरी आधीच घेतलेली.

सोळाव्या शतकात शेरशाहाने सुमारे १७८ ग्रेनचा चांदीचा रुपया पाडला आणि मोगलांनी तो चालू ठेवला. चांदी आपल्या जमिनीत फारशी नव्हती. ती यायची समुद्रावरून. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींमधली, पोटोसीसारख्या खाणींतली चांदी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला उतरे आणि तिथल्या टाकसाळीत तिचे रुपये होत. परदेशी नाणं असो की लगड, बाजारात चालायचं तर आधी रुपया व्हावं लागे.

पण रुपयाही एक नव्हता. मराठी मुलखातच पुण्याचा अंकुशी वेगळा, चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी वेगळा. वजनात, कसात, झिजेत फरक. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ कसर कापून घेई. त्या कापण्याला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागला असं आपण अजून म्हणतो, तो शब्द सराफाच्या पेढीवरचा आहे. आजीच्या लगडीला लागला तो बट्टाच.

१८३५ साली कंपनी सरकारने हा गोंधळ मोडला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. रुपया हेच वजन झालं. सराफाकडे तोळ्याचं माप नसलं तरी रुपया तराजूत टाकला की काम होई. शंभर रुपये म्हणजे शंभर तोळे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही स्वतःच्या बचतीचं वजन बोटांवर मोजता येई.

याहून महत्त्वाची एक सोय होती. टाकसाळ सगळ्यांना खुली होती. कुणीही चांदी आणावी, दोनेक टक्के आकार द्यावा आणि रुपये पाडून घ्यावेत. गावातली बाई फोर्टातल्या टाकसाळीच्या दारात जात नव्हती हे खरं. पण तिचे तोडे गावच्या सराफाकडे, तिथून मोठ्या सराफाकडे आणि शेवटी मुंबईच्या टाकसाळीत पोचत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधले असे कितीतरी दागिने वितळून त्यांचे रुपये झाले. सराफाने मधे काही खाल्लं तरी तोळाभर चांदी म्हणजे साधारण रुपया, हा दोर तुटत नव्हता.

तो दोर तुटला २६ जून १८९३ रोजी.

त्याआधीच्या वीस वर्षांत युरोपातल्या मोठ्या देशांनी सोन्याचं चलन धरलं, अमेरिकेतल्या खाणींतून चांदी भरपूर येऊ लागली आणि चांदी उतरत गेली. चांदीबरोबर रुपयाही उतरला. पूर्वी दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडला द्यायची रक्कम मात्र सोन्याच्या हिशेबात होती, म्हणजे तेवढ्याच देण्याला जास्त रुपये. उपाय म्हणून सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपये यापुढे सरकार पाडणार, आपल्या गरजेप्रमाणे. रुपया कमी झाला की महाग होईल, असा हिशेब. तो बरोबर ठरला. काही वर्षांत रुपया १६ पेन्सवर टेकला.

पण चांदी खालीच राहिली. शतक संपता संपता लंडनच्या भावाने हिशेब केला तर रुपयाच्या नाण्यातली चांदी दहा-साडेदहा आण्यांची होती. उरलेले पाच-सहा आणे सरकारी शिक्क्याचे. ज्याच्या गाडग्यात रुपये होते तो वाचला. जिच्या अंगावर तोडे होते तिची बचत कुणी हात न लावता तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. आणि त्यानंतर लगेच, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ आले. तोडे पुन्हा पेढीवर आले, पण आता त्यांच्या मागे टाकसाळीचा दरवाजा उघडा नव्हता.

बचतीचा आकार म्हणजे निव्वळ सोयीचा प्रश्न नाही, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं. धातू तोच आणि वजनही तेच, पण कोणत्या रूपात आहे यावर तो किती किमतीला सुटेल ते ठरतं.

मोठ्या विटेची गोष्टही सांगायला हवी, कारण तिचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला. लंडनच्या बाजारात चालणारी चांदीची वीट साधारण हजार औंसांची असते. नियमाप्रमाणे ७५० ते १,१०० औंस चालतात, म्हणजे साधारण २३ ते ३४ किलो. हजार औंस म्हणजे ३१ किलो, जुन्या मापात २,६६७ तोळे. एका धडधाकट माणसाला उचलता येते, पण घेऊन पळता येत नाही. ही वीट जहाज आणि तिजोरीसाठी आहे. बँक बँकेला देते तेव्हा ती सोयीची.

पहिल्या महायुद्धात या विटा आणि आपला रुपया समोरासमोर आले. युद्धासाठी सरकारला हिंदुस्थानातून माल घ्यायचा होता, मेसोपोटेमियातल्या फौजेचे पगार द्यायचे होते, आणि लोकांना हवे होते चांदीचे रुपये. १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली, लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. १९१८ च्या सुरुवातीला युद्धाच्या वाईट बातम्या आल्या तशी नोटा देऊन रुपये घ्यायला गर्दी झाली आणि सरकारचा साठा आटला. तेव्हा अमेरिकेने एप्रिलमध्ये पिटमन कायदा केला, तिजोरीतले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटिशांना औंसाला एक डॉलर या भावाने विकली, हिंदुस्थानसाठी.

या प्रवासाचा क्रम पाहा. लहान नाणी वितळून मोठ्या विटा झाल्या, कारण समुद्र ओलांडायचा होता. इथे पोचल्यावर विटा वितळून पुन्हा लहान नाणी झाली, कारण माणसांच्या हातात जायचं होतं. हजार औंस शुद्ध चांदीत २,९०९ रुपये बसतात. आजीने देव्हाऱ्यात ठेवलेला रुपया १९१८ चा आहे. पंचम जॉर्जचा. मागच्या बाजूला खाली एक बारीक ठिपका आहे, ती मुंबई टाकसाळीची खूण. त्यात एखाद्या डॉलरची चांदी असेलही. सांगता येत नाही, चांदीला आठवण नसते.

मोठ्या विटांचं नशीब कधी कधी मोठंच असतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'तिलावा' हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालं. त्यात शेकडो प्रवासी होते आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या २,३६४ विटा होत्या. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने जहाज बुडवलं. २८० माणसं गेली. विटा अडीच किलोमीटर खोल समुद्रात पडून राहिल्या. २०१७ साली एका कंपनीने त्या वर काढल्या आणि मग त्या कुणाच्या, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. २०२४ साली निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. पंच्याहत्तर वर्षं पाण्याखाली राहून चांदी चांदीच राहिली. एवढी वाट सरकार बघू शकतं. बैलाला कडबा लागतो तेव्हा माणूस बघू शकत नाही.

आपल्याकडचा चांदीचा रुपया १९४० मध्ये निम्म्या चांदीचा झाला आणि १९४७ मध्ये निकेलचा. तेव्हापासून लहान, हमी असलेला तुकडा सरकार देत नाही. तो आपल्याला बाजारातून विकत घ्यावा लागतो आणि घडणावळ म्हणजे त्याच हमीची किंमत. आज वायदेबाजारात मोठा सौदा ३० किलोचा, मिनी ५ किलोचा, मायक्रो १ किलोचा. फोनवरून चांदीचा ईटीएफ घेतला तरी त्याच्यामागे तिजोरीत ३० किलोच्याच विटा असतात. मोठी वीट त्यांनी सांभाळायची, तिचे बारीक हिस्से आपण घ्यायचे. १९१८ चीच युक्ती, फक्त आता वितळवावं लागत नाही.

पण आईला हातात धरता येईल अशी चांदी हवी होती. मग आम्ही वहीत हिशेब मांडला. किलोची वीट आकाराने तुमच्या हातातल्या फोनएवढीच असते, म्हणजे कपाटातल्या जागेचा प्रश्न नाही. ग्रॅममागे घडणावळ लहान तुकड्यावर जास्त, आणि विकताना ती परत मिळत नाही. म्हणजे सगळे लहान घेणं तोट्याचं. उलट किलोची वीट मोडायची तर एका दिवसाच्या भावाने पूर्ण मोडायची, मग गरज कितीही लहान असो. कापली तर छाप गेला, कागद निरुपयोगी, आणि आपण पुन्हा आजोबांच्या जागी.

आईने वेगळाच प्रश्न विचारला. "मला अडचण येते तेव्हा केवढी येते?" मागच्या दहा वर्षांतल्या तिने आठवल्या. बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन, छताची गळती, माझी एका वर्षाची फी. त्यातली एकही किलोभर चांदीएवढी नव्हती. बहुतेक दोन-तीन लहान विटांत भागल्या असत्या.

शेवटी तिने एक किलोची घेतली आणि दहा शंभर ग्रॅमच्या. सगळ्या छापाच्या, पाकीटबंद, बिलासकट. मोठी पंधरा वर्षांसाठी. लहान दहा मधल्या वर्षांसाठी.

"आणि हा?" देव्हाऱ्यातल्या रुपयाकडे बोट दाखवून मी विचारलं.

"तो हिशेबात धरायचा नाही," आई म्हणाली.