टायर निघतो कसा? रिममधल्या खोबणीचा इतिहास

१/
अमेरिकेतल्या उपनगरांत घराभोवतीच्या हिरवळीवर एक छोटे यंत्र फिरताना दिसते. त्यावर बसूनच गवत कापतात. त्याच्या पुढच्या चाकाचा टायर फाटला, की पुष्कळदा घरचाच माणूस तो बदलायला बसतो आणि एका जुन्या कोड्यापाशी येतो. टायरच्या दोन्ही काठांत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. रिमची कड तर त्या तारेच्या वर्तुळापेक्षा मोठी असते. मग टायर चढतो कसा आणि उतरतो कसा? या प्रश्नाचे उत्तर १८९० साली मिळाले. ते शोधणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

२/
गवत कापणारे यंत्र टायरपेक्षा जुने आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा प्रदेश. तिथे कापडावरचे तंतू सारखे कातरणारी फिरती पाती वापरीत. एडविन बडिंग या कारागिराने तीच कल्पना गवताला लावली आणि १८३० साली पेटंट घेतले. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ही यंत्रे बनवायला घेतली. लोखंडी बांध्याचे ते जड यंत्र माणसाला ढकलावे लागे.

३/
हवेवर चालणारे चाक प्रथम सुचले ते रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याला. त्याचे पेटंट १८४५ चे. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण, आणि ते आवरण चाकाला बोल्टांनी जखडलेले, अशी त्याची रचना होती. घोडागाडीला अशी चाके बसवून लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये प्रयोगही झाले. गाडी आवाज न करता, हलकी चाले. पण चांगले रबर महाग होते आणि सायकलींचा काळ अजून यायचा होता. लोक तो शोध विसरून गेले.

४/
त्यानंतर चाळीसएक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. त्याला १८८८ साली पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम याने त्या टायरांवर बेलफास्टमध्ये सायकल शर्यती जिंकल्या आणि डनलॉपचे नाव गाजू लागले. १८९० मध्ये थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले. मूळ कल्पनेवरचा डनलॉपचा हक्क टिकला नाही. कारखाना मात्र टिकला.

५/
डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती: तो रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले, की आधी सारे सोलून काढायचे, मग छिद्र बुजवायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वाळण्याची वाट पाहायची. असाच एक सायकलस्वार फ्रान्समधील क्लेरमों-फेराँ गावी मिशलॅं बंधूंच्या रबर कारखान्यात आला. दुरुस्तीला काही तास लागले आणि टायर वाळायला रात्र गेली. सकाळी एदुआर मिशलॅं चाचणीसाठी ती सायकल घेऊन निघाला. काही शे मीटरवर टायर पुन्हा बसला. चालण्याचे सुख त्याला पटले होते. आता टायर चटकन काढता येईल, अशी सोय शोधायची होती.

६/
मिशलॅंने १८९१ साली सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ याने ती मिशलॅंच्या टायरांवर सुमारे ७१ तासांत जिंकली. वाटेत टायर दुरुस्त करून पुढे जाता येते, हे त्या शर्यतीने दाखवून दिले. पण या टायरची पकड अजूनही बोल्टांनी आवळलेली होती. पाना हातात घेऊन एकेक बोल्ट सोडावा लागे.

७/
त्याच्या वर्षभर आधीच, १८९० साली, इंग्लंडमधल्या चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने बोल्ट आणि गोंद या दोहोंना निरोप देणारी रचना पेटंट केली होती. टायरच्या दोन्ही काठांत न ताणणारी तार घालायची आणि रिमच्या मधोमध एक खोल खोबण ठेवायची. डनलॉप कंपनीने त्या पेटंटचे हक्क विकत घेतले. जगाच्या तोंडी नाव डनलॉपचे राहिले. टायर जागेवर धरून ठेवणारी आणि हवा तेव्हा सोडणारी युक्ती मात्र वेल्चची होती.

८/
ही युक्ती साध्या भूमितीची आहे. टायरच्या काठाचा एक भाग खोबणीत ढकलला, की तिथे तार मध्याकडे सरकते. जितकी ती आत सरकेल, तितकी समोरच्या बाजूला ढिली पडते आणि कडेवरून बाहेर येते. तार लांब होत नाही. तिचे वर्तुळ फक्त एका बाजूला सरकते. हवा भरली, की दोन्ही काठ खोबणीतून वर चढून आपल्या बैठकीवर घट्ट बसतात. मग चाक कितीही फिरो, टायर निसटत नाही. मोटारगाड्यांत इतर रचना बरीच वर्षे चालल्या. अशा खोबणीचे रिम तिथे सर्रास झाले ते १९३० च्या दशकात.

९/
मधल्या काळात मोटारचालकांचे हाल होत. रस्त्यांवर नालांचे खिळे पडलेले, आणि चाक सहज सुटे होत नसे. वेल्समधील लनेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली हवा भरलेल्या टायरसह एक जादा रिम बनवली. तिला आरे नव्हते. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाजूने अडकवायची आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. इंग्रजांच्या बोलण्यातून ते जवळजवळ पुसले गेले. महाराष्ट्रातला ट्रकचालक मात्र आजही जादा चाकाला स्टेपनीच म्हणतो.

१०/
शेतात हवेचा टायर उशिरा पोहोचला. ट्रॅक्टरची लोखंडी दातेरी चाके रस्ते उखडत आणि चालकाची हाडे खिळखिळी करीत. १९३२ साली अमेरिकेतील ॲलिस-चामर्स कंपनीने कमी दाबाच्या हवेच्या टायरांवर ट्रॅक्टर आणला. शेतकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून १९३३ मध्ये शर्यतपटू बार्नी ओल्डफिल्डने तसा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांहून अधिक वेगाने पळवून दाखवला. रुंद आणि मऊ टायर माती कमी दाबतो, हा त्यातला खरा धडा होता. हिरवळीला तोच उपयोगी पडला.

११/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांबाहेर घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घराला गवताचा तुकडा मिळाला. बसून चालवायची यंत्रे आता घरोघरी जाऊ लागली. जॉन डिअरसारख्या ट्रॅक्टर कंपनीने १९६३ साली या बाजारात पाऊल टाकले. याच काळात टायरमधली ट्यूबही गेली. गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेगला बिनट्यूबच्या टायरचे पेटंट १९५२ साली मिळाले. त्यानंतर हवा धरून ठेवण्याचे काम टायरचा काठ आणि रिम यांच्या बैठकीवर आले.

१२/
हा सारा इतिहास त्या छोट्या चाकात एकवटतो. टायरवर १५×६.००-६ अशी खूण असते: बाहेरचा व्यास पंधरा इंच, रुंदी सहा, रिमचा व्यास सहा. वीतभरही नसलेल्या रिमवर काठ आखूड आणि ताठ असतो, म्हणून मोटारीच्या टायरपेक्षा तो जास्त झुंजवतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सारी हवा सोडतात, काठ दाबून बैठकीवरून सुटा करतात आणि त्याला साबणाचे पाणी लावतात. खोबण ज्या कडेला जवळ असेल, त्या बाजूने टायर काढतात. एका बाजूचा काठ खोबणीत दाबून धरायचा आणि समोरून पट्टीने उचलायचा. नवा टायर चढवल्यावर हवा कडेने निसटू लागली, तर टायरच्या घेराभोवती पट्टा आवळतात. मधला भाग दबला, की दोन्ही काठ बाहेर सरकून रिमला टेकतात. काठ टेकून हवा धरू लागले, की पट्टा सोडून उरलेली हवा भरतात.

१३/
इथे जोर लावणारा हमखास हरतो. काठ खोबणीत गेलेला नसेल, तर पट्टी वाकते, रिम दबते, पण टायर हलत नाही. तो गेला, की काम थोड्या बळात होते.

१४/
थॉमसनने चाकाखाली हवा आणली आणि डनलॉपने ती बाजारात नेली. पण रस्त्यात अडकलेल्या माणसाला कारखान्याची वाट न पाहता स्वतःच्या हाताने चाक पुन्हा चालते करता आले, ते मिशलॅं आणि वेल्च यांच्यासारख्यांमुळे. वस्तू किती चांगली चालते, यावर तिची कीर्ती ठरते. ती बिघडल्यावर कोणाला उघडता येते, यावर ती कोणाची हे ठरते. रिममधली ती खोबण एकशे तीसहून अधिक वर्षे हेच काम करीत आली आहे.