वई, बेडं आणि दीड मीटर

दिघीहून काकांचा फोन. "दरवर्षी वई कुठवर घालत बसू? आता चिऱ्याची भिंतच बांधतो, चांगली पुरुषभर." ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुपाऱ्यांबरोबर आमची वईही गेली, तेव्हापासून हे चालू आहे. माझ्याकडे काम एवढंच, "उंचीचा नियम काय तो बघून सांग."

बघितला. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत कंपाउंडची भिंत १.५ मीटर, तीही समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून. वरचे ०.९ मीटर जाळीसारखे खुले ठेवले तर २.४ मीटर चालते. शिवाय आपण खाडीकाठी, म्हणजे १९९१ पासूनची सीआरझेडची भानगड आहेच. (समोरच्या जंजिऱ्याच्या तटाला कुणी परवानगी विचारली होती, हा काकांचा प्रश्न. असो!)

पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. जुन्या कायद्यांना उंचीचं काही पडलेलंच नव्हतं. त्यांना काळजी होती ती आत-बाहेर कोण येतं-जातं याची. १८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट घ्या. पीक खाणारं गुरू धरा, २४ तासांत कोंडवाड्यात पोचवा, मालक दंड भरून सोडवेल. कुंपण किती फूट, हा प्रश्नच नाही. दिघी तेव्हा सिद्दीच्या संस्थानात. १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि मुंबई प्रांताचे कायदे खाडी ओलांडून इकडे आले.

त्यातलाच एक १८८२ चा, वहिवाटीच्या हक्कांचा. एखाद्या वाटेने कुणी २० वर्षं उघडपणे, हक्काने, खंड न पडता ये-जा केली, तर जमीन तुमची असली तरी ती वाट बुजवता येत नाही.

इथे मी थांबलो. आमच्या वईला विहिरीच्या अंगाला एक बेडं होतं, तीन आडव्या बांबूंचं. पलीकडच्या घरातल्या बायका आजीच्या आधीपासून तिथूनच पाण्याला येतात. काकांनी फोनवर भिंतीची लांबी सांगितली होती, चिरे किती लागतील ते सांगितलं होतं. बेड्याचं नावच काढलं नव्हतं. मुद्दाम की विसरून, देव जाणे.

संध्याकाळी फोन करून आधी दीड मीटर सांगितलं. त्यावर ते कुरकुरले. मग बेड्याचं विचारलं. बराच वेळ नुसती समुद्राची गाज.

"चार फूट सोडले तर पुरतील ना रे? डोक्यावर हंडा, कडेवर कळशी असते त्यांच्या."