एका बारच्या भिंतीत उरलेले हॉटेल

१/ टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात ‘ओल्ड इम्पीरियल बार’ आहे. मंद प्रकाशात तिथले कोरीव दगड आणि टेराकोटा प्रथमदर्शनी निव्वळ सजावट वाटतात. वस्तुतः ते त्याच जागी उभ्या असलेल्या, पुढे पाडलेल्या एका इमारतीचे अवशेष आहेत. #थ्रेड

२/ ती इमारत अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांची. त्यांनी तोचिगी प्रांतातील ‘ओया’ दगड निवडला. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा दगड मऊ, म्हणून कोरण्यास सुलभ. त्यावरील भौमितिक नक्षीत अभ्यासकांना माया संस्कृतीच्या मंदिरांची छाया दिसते.

३/ १ सप्टेंबर १९२३ रोजी उद्घाटन होते आणि त्याच दिवशी कांतोचा महाभूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे दगावली. हॉटेल मात्र उभे राहिले आणि ‘एवढी एकच इमारत वाचली’ अशी दंतकथा रूढ झाली. प्रत्यक्षात हॉटेलचेही नुकसान झाले होते आणि शहरात इतरही इमारती टिकल्या होत्या.

४/ भूकंपातून वाचलेली ही वास्तू पुढे माणसांनीच पाडली. दलदलीच्या जमिनीत ती खचत होती, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचा काही भाग जळाला होता, सच्छिद्र दगड झिजत होता. शिवाय मध्यवर्ती टोकियोतील जमीन सोन्याच्या मोलाची! विरोध होऊनही १९६८ मध्ये ती नामशेष झाली. १९७० मध्ये तिथे १७ मजली इमारत उभी राहिली.

५/ अवशेषांच्या वाट्याला दोन आयुष्ये आली. दर्शनी भाग नागोयाजवळच्या ‘मेइजी-मुरा’ या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारला गेला. काही दगड आणि टेराकोटा नव्या हॉटेलातील या बारमध्ये आले.

६/ संग्रहालयात वास्तूचे रूप आहे. पण तिची जागा आणि तिचा वापर हरपला. बारमध्ये जागा आहे, वापरही आहे. पण रूपाचे केवळ तुकडे उरले. माझ्या मते याला जतन म्हणणे धाडसाचे ठरेल. ही स्मृती आहे. जतन वास्तूसाठी जागा सोडते. स्मृती व्यवसायाला अडचण होणार नाही एवढ्याच कोपऱ्यात मावते.

७/ तरीही त्या कोपऱ्याला तुच्छ लेखू नये. तो नसता, तर त्या भूखंडावर राइट यांच्या वास्तूची काय खूण उरली असती?

८/ आता १९७० ची ती इमारतही पाडून नवी बांधण्याची योजना २०२१ मध्ये जाहीर झाली आहे. म्हणजे या दगडांना दुसऱ्यांदा स्थलांतर करावे लागेल. तेव्हा ऐतिहासिक शैलीचा एखादा देखणा बार पाहिला, तर आपण एवढे अवश्य विचारावे: ही नक्षी कशाची नक्कल आहे, की कशाचा अवशेष?