परसातल्या बिंबलांचे करायचे काय?

परसात बिंबलाचे एक झाड असले, की त्या घराला बिंबलांची टंचाई कधीच भासत नाही. टंचाई भासते ती टोपल्यांची. फेब्रुवारीच्या सुमारास खोडावर आणि जाड फांद्यांवर लालसर फुलांचे झुबके धरतात आणि तेव्हापासून थेट डिसेंबरपर्यंत फुलणे-फळणे कमीअधिक प्रमाणात चालूच राहते. कोवळ्या काकडीसारखी, बोटभर लांबीची पोपटी फळे खोडालाच घोसांनी लगडतात आणि पिवळट झाली की टपाटप खाली पडतात. कोकणात आणि गोव्यात हे दृश्य नेहमीचे. मुंबईतील काही जुन्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारातही हे झाड टिकून आहे. पहिल्या बहराला शेजारीपाजारी आनंदाने पिशव्या भरून नेतात. तिसऱ्या बहराला दार उघडायला कोणी तयार नसते.

बिंबल, बिंबली किंवा बिलिंबी या नावांनी ओळखले जाणारे हे झाड मूळचे आग्नेय आशियातले मानले जाते. सतराव्या शतकातील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात मलबारच्या वनस्पतींमध्ये त्याची नोंद आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅव्हेरोआ बिलिंबी’. यातील पहिला शब्द बाराव्या शतकातील कॉर्डोबाचा तत्त्वज्ञ-वैद्य इब्न रुश्द याच्या युरोपीय नावावरून आला आहे. बाजारात ‘स्टारफ्रूट’ म्हणून मिळणारे कमरख हे याचेच भावंड. कमरख मात्र मोठ्या शहरांतल्या फळवाल्यांकडे सहज दिसते, बिंबल क्वचितच. कारण साधे आहे. बिंबलाची साल अतिशय पातळ असते आणि फळात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. झाडावरून उतरवल्यावर ते तीन-चार दिवसांत मऊ पडते. साहजिकच व्यापारी त्याच्या वाटेला जात नाहीत आणि जास्तीचे पीक मालकाच्या गळ्यात पडते.

या पिकाचा सर्वांत शहाणपणाचा उपयोग म्हणजे ते मिठात वाळवणे. आमसुले करणाऱ्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. घट्ट, हिरवी फळे धुऊन कोरडी करावीत आणि त्यांचे उभे दोन भाग करावेत. किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडे मीठ लावून काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात रात्रभर ठेवावीत. सकाळपर्यंत भरपूर पाणी सुटते. फोडी निथळून दिवसभर उन्हात पसराव्यात, संध्याकाळी पुन्हा त्याच खारट पाण्यात बुडवाव्यात. असे तीन-चार दिवस केल्यावर फोडी काळपट, चिवट आणि मऊ होतात. मग उरलेले पाणी टाकून द्यावे आणि फोडी खडखडीत वाळवाव्यात. किलोभर फळांचा ऐवज शेवटी एका लहान बरणीत मावतो, पण तो वर्षभर पुरतो. इंडोनेशियातील आचे प्रांतात अशाच खारवून वाळवलेल्या बिंबलांना ‘असम सुंती’ म्हणतात आणि तेथील माशांच्या कालवणांना तीच आंबट चव देतात. आपल्याकडेही कोलंबीच्या किंवा बांगड्याच्या कालवणात, सुक्या जवळ्यात, इतकेच काय साध्या तुरीच्या आमटीत चार-पाच फोडी आमसुलाच्या जागी चालतात. मीठ मात्र नंतर, चव घेऊनच घालावे.

हे सारे एप्रिल-मेच्या उन्हातच जमते. पावसाळ्यातल्या बहराला उन्हाच्या भरवशावर ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. तेव्हा फ्रीजर कामी येतो. फळे पुसून ताटात सुटी पसरावीत, कडक झाल्यावर पिशवीत भरावीत. वितळली की ती लिबलिबीत होतात, म्हणून थेट उकळत्या आमटीत टाकावीत. लोणचे करायचे तर आधी मीठ लावून सुटलेले पाणी काढलेच पाहिजे. नाहीतर आठवडाभरात बरणीत सार तयार होते. मेथांब्याला मात्र हा त्रास नाही. मेथीदाण्याची फोडणी, फोडी, तिखट आणि फळांच्या निम्म्याहून थोडा अधिक गूळ एवढ्यावर काम भागते. कैरीच्या मेथांब्यापेक्षा तो सरस होतो, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. घरात त्यावर एकमत नाही.

एक उपयोग मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे आणि नेमका तोच अलीकडे आवडीने सांगितला जातो. कोलेस्टेरॉल उतरते म्हणून कच्च्या बिंबलांचा रस काढून पिण्याचा सल्ला दिला जातो. या फळात ऑक्झॅलिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते. ते एकदम पोटात गेल्यास त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून मूत्रपिंडाचे काम अचानक बंद पडू शकते. केरळमध्ये असा रस प्यायल्यानंतर मूत्रपिंडे निकामी झालेल्या दहा रुग्णांची माहिती ‘इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी’त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावे लागले. सुदैवाने सगळे काही आठवड्यांत बरे झाले. आमटीत पडणारी दोन-चार फळे आणि पेलाभर रस यांत हा फरक आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असणाऱ्यांनी मात्र आमटीतली बिंबलेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. कमरखाच्या बाबतीत तर अशा रुग्णांना धोका आणखी मोठा आहे. त्यातील ‘कॅरंबॉक्सिन’ हे मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखले. न थांबणारी उचकी हे या विषबाधेचे एक सुरुवातीचे लक्षण असते.

याच आम्लामुळे बिंबले तांब्या-पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नयेत आणि बरणीला पत्र्याचे झाकण लावू नये. उलट खाली पडून फुटलेली, खाण्याच्या लायकीची न उरलेली फळे पितळेची समई आणि तांब्याचा बंब घासायला उत्तम. फोड मिठात बुडवून चोळावी, लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. कपड्यावरचा गंजाचा डागही या रसाने फिका पडतो. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी एक थेंब टाकून पाहावा.